साहेब मोकळे आहेत का?

"साहेबांनी बोलावलंय," एवढं शिपाईमामांनी म्हटलं की कार्यालयातला माणूस आधी शर्टाचं वरचं बटण लावतो. मग तोंडातल्या सुपारीचं काय करायचं ते ठरवतो. मग हाताला लागेल ती फाइल उचलतो आणि शेजारच्याकडे बघतो. शेजारचा तोवर कागदात डोकं खुपसून बसलेला असतो. कशासाठी बोलावलंय हे मामांना नक्की ठाऊक असतं, पण ते सांगत नाहीत. सांगितलं तर त्यांना चहा कोण पाजणार? शेवटी माणूस बगलेत डायरी मारून दालनाकडे निघतो. ही डायरी कुठल्या तरी बँकेनं फुकट दिलेली, तीन वर्षांपूर्वीची असते आणि तिच्यात तारखेपलीकडे काही लिहिलेलं नसतं.

माझी सगळी नोकरी परभणी जिल्ह्यात झाली. जिल्ह्यात तालुके नऊ. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणच्या साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकाची मला चांगली ओळख आहे. पालमचा असो की सेलूचा, बाकाचा एक पाय आखूडच असतो. त्याच्याखाली रद्दी कागदाची घडी असते आणि ती घडी म्हणजे बहुधा कुणाचा तरी अर्ज असतो. इतकी वर्षं या बाकावर काढल्यामुळे साहेब आणि हाताखालचा माणूस या दोघांच्या भेटीवर दोन शब्द बोलायचा अधिकार मला आपोआप आलेला आहे. तो कुणी दिलेला नाही, पण आमच्याकडे निम्मे अधिकारी प्रभारीच असतात, तेव्हा चालून जाईल.

हा विषय डोक्यात घातला भाच्यानं. तो एका कंपनीत आहे. म्हणजे कंपनी पुण्यात, साहेब बंगळूरला आणि भाचा आमच्या वरच्या खोलीत. एक गुरुवार आड दुपारी तीनला त्याची 'वन-ऑन-वन' असते. त्या अर्ध्या तासात घरात मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही आणि भंगारवाला आला तर त्याला पुढच्या गल्लीत घालवायचा. ते आटोपून तो खाली आला की माझी बहीण विचारते, "काय म्हणला रे साहेब?"

"काही नाही. मला कसं वाटतंय ते विचारत होता."

"पगार वाढवला का?"

"नाही."

"मग वाटायचं काय त्यात?"

दर वेळी त्याला दहापैकी किती आनंदी आहेस असंही विचारतात. तो आठ सांगतो. सात म्हटलं तर आणखी एक बैठक लागते आणि नऊ म्हटलं तर आणखी एक काम. पोरगं हुशार आहे. कंपनीत नसतं तर आस्थापना शाखेत फार वर गेलं असतं.

त्याच्याकडून कळलं की या प्रकाराचे मोठे पुरस्कर्ते म्हणजे इंटेल कंपनीचे अँड्रयू ग्रोव्ह. त्यांनी १९८३ साली 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात या भेटीची सगळी रीत घालून दिली. ग्रोव्हसाहेब जन्मानं बुडापेस्टचे, म्हणजे हंगेरीचे. जर्मनीचे निघते तर 'जगात जर्मनी, भारतात परभणी' या नात्यानं आम्ही त्यांना घरचेच धरलं असतं. त्यांचं म्हणणं असं की ही बैठक साहेबांची नसतेच, ती हाताखालच्या माणसाची. विषय त्यानं काढायचे, टिपण त्यानं करून आणायचं, साहेबांनी ऐकायचं आणि खोदून विचारायचं. बसायचं तर निदान तासभर, कारण वेळ थोडा असला की माणूस चटकन संपणारे विषयच काढतो आणि खरं दुखणं पोटातच ठेवतो. साहेबांचा दीड तास यात गेला तरी समोरच्याचं पुढच्या दोन आठवड्यांचं काम सुधारतं, असा त्यांचा हिशेब. आणि शक्य झाल्यास साहेबांनी स्वतः उठून त्या माणसाच्या जागेवर जावं.

इथं मी पुस्तक मिटलं. आमच्याकडे साहेब आपण होऊन कारकुनाच्या टेबलाशी आले तर लाचलुचपतवाले आले असं समजून पलीकडचे दोघं मागच्या दारानं निघून जातील.

पण आपल्याकडे दोघांच्या भेटीची पद्धतच नव्हती असं कुणी समजू नये. फाइलच्या समासात ती कधीपासून आहे. कारकून चार पानांची टिपणी लिहून फाइल वर पाठवतो. आठवड्यानं ती खाली येते. समासात एकच शब्द असतो: 'चर्चा'. खाली आद्याक्षरी आणि तारीख. म्हणजे साहेबांनी फाइल वाचलेली नसते, किंवा वाचून घाम फुटलेला असतो, किंवा जे करायचं ते कागदावर यायला नको असतं. आता त्या कारकुनानं साहेब मोकळे सापडायची वाट बघायची. ही वेळ कुठल्या कॅलेंडरात नसते, ती मामांच्या चेहऱ्यावर वाचायची. "आत्ता नका जाऊ, जिंतूरहून फोन आलाय." "आत्ता नका जाऊ, व्हीसी चालू आहे." "आत्ता नका जाऊ, घरचा फोन होता." वेधशाळेचा अंदाज चुकेल, मामांचा चुकत नाही. शेवटी एके दिवशी ते नुसती मान हलवतात आणि माणूस आत घुसतो. चर्चा पाऊण मिनिटात होते. साहेब म्हणतात, "बघा, नियमात बसत असेल तर करा." हा माणूस जागेवर येऊन लिहितो: 'समक्ष झालेल्या चर्चेनुसार फेरसादर.' त्या चर्चेत काय झालं हे दोघांनाच ठाऊक. चौकशी लागली की दोघांनाही आठवत नाही. एवढं परिणामकारक संभाषण इंटेलमध्ये तरी होत असेल का, शंका आहे.

आता दालनातलं सांगतो. दोघांची भेट म्हणतात, पण परभणीत साहेबांसमोर दोघंच बसल्याचं मी पाहिलेलं नाही. चार खुर्च्या असतात, त्या रिकाम्या ठेवणं अपशकुन. एकीवर कुठल्या तरी पुढाऱ्याचे मेहुणे, दुसरीवर कुठल्या तरी पेपरचे प्रतिनिधी, तिसरीवर काही काम नसलेले सेवानिवृत्त अधीक्षक. (ही तिसरी खुर्ची हल्ली माझी असते.) हाताखालचा माणूस उभाच. "बोला," साहेब म्हणतात. तो बिचारा म्हणतो, "साहेब, जरा खासगी होतं." "बोला बोला, हे सगळे आपलेच आहेत." आता आपल्या बदलीचं, बायकोच्या ऑपरेशनचं, किंवा शेजारच्या टेबलवाला दोन महिने कामाला हात लावत नाही याचं, असं या आपल्या माणसांसमोर काय बोलणार? तो रजेचा अर्ज पुढे करतो. तेवढ्यात फोन. "हो हो, मिटिंगमध्ये आहे," असं सांगून साहेब फोनवर उसाची लागवड, गंगाखेडच्या पाहुण्याचं लग्न आणि हार्वेस्टरचं भाडं एवढं सगळं संपवतात. मग चहा येतो. चहा कायम अशा क्षणाला येतो, जेव्हा माणूस "खरं म्हणजे साहेब" एवढंच म्हणालेला असतो.

अशानं साहेबांना आपली माणसं कळत नाहीत, यात काय नवल? याच परभणीत बी. रघुनाथ बांधकाम खात्यात कारकून होते. कविता, कथा, कादंबऱ्या, सगळं त्यांनी त्या नोकरीच्या काठावर बसून लिहिलं. त्या कारकुनाच्या नावाचं सभागृह आज शहरात आहे. त्यांच्या साहेबांचं नाव मात्र शहरात कुणालाही विचारून बघा.

बोलायचं टाळायचं आणि लिहायचं मात्र भरभरून, ही आपली आणखी एक खोड. तिचं नाव गोपनीय अहवाल. वर्षभर एक शब्द न बोलता साहेब वर्षाच्या शेवटी या माणसाबद्दल मत लिहितात. वाईट शेरा असला तर तो कळवायचे, एरवी ज्याचा अहवाल त्यालाच पत्ता नसायचा. ही रीत पार दिल्लीपर्यंत होती. सीमा सडक संघटनेतल्या देव दत्त नावाच्या कार्यकारी अभियंत्याला १९९३-९४ च्या अहवालात 'चांगला' असा शेरा मिळाला. बढतीला मात्र 'फार चांगला' लागत होता. माणूस चांगला निघाला म्हणून मागे राहिला, आणि तो चांगला आहे हे त्याला कुणी कळवलंही नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००८ साली निकाल आला की शेरा कसलाही असो, ज्याचा आहे त्याला तो कळवलाच पाहिजे. स्थळ बघून आल्यावर 'मुलगा चांगला आहे' एवढंच म्हणून लोक गप्प बसतात, तेव्हा त्याचा अर्थ काय होतो हे आपल्याकडे पोराटोरांना कळतं. साहेबाला आणि माणसाला समोरासमोर बसवायला मात्र सर्वोच्च न्यायालय लागलं.

आपल्याकडच्या श्रेणींत 'चांगला'च्या वर 'निश्चित चांगला' अशीही एक पायरी आहे. म्हणजे नुसता चांगला, त्याची खात्री नाही. शिवाय स्वयंमूल्यमापन असतं. आपण आपल्याबद्दल लिहायचं. बहुतेक जण मागच्या वर्षीचंच उतरवून काढतात. आमच्यातल्या एकानं इतकं इमानदारीनं उतरवलं की बदलून गेलेल्या साहेबांच्या 'मार्गदर्शनाबद्दल' नव्या साहेबांकडेच आभार पोचले. नव्या साहेबांनी न वाचता सही केली.

मग परभणी जिल्ह्यात साहेब आणि माणूस एकमेकांशी नीट बोलल्याचं एकही उदाहरण नाही का? आहे, आणि ते ग्रोव्हसाहेबांच्या पुस्तकाआधीचं आहे. ते कार्यालयात नाही, शेतात आहे.

सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं. त्याच्या आधी पंधरा दिवस गावोगाव बैठका सुरू होतात. मानवतच्या पलीकडे आमच्या चुलत्यांची काळी जमीन, कापूस-सोयाबीनची. त्यांच्या ओसरीवर अशी एक बैठक मी खांबाला टेकून पूर्ण ऐकलेली आहे. चुलते तंबाखू मळत बसलेले, मध्यस्थ म्हणून गावातले एक म्हातारबुवा, आणि समोर गडी, पाय पोटाशी घेऊन.

"मालक, औंदा जमत नाही."

"कामून?"

"राती दोनला लाइट येती. गव्हाला पाणी द्यायला येकट्यानं जायाचं म्हणलं की मंडळी भांडती. बांधावर दोनदा नाग निघला."

"मग काय करावं म्हंतूस?"

"बॅटरी पायजे चांगली. अन् गमबूट. अन् फवारणीला दुसरा माणूस. औषिदानं डोळे चुरचुरतेत."

"अजून?"

"पोरीचं लगीन हाय वैशाखात. उचल आधी लागंल."

चुलते काही बोलले नाहीत. म्हातारबुवा म्हणाले, "बॅटरी-बुटाचं तर हो म्हना, त्याच्यासाठी अडू नका." मग आकड्यावर अर्धा तास गेला. त्यात दोनदा गडी उठून चपलेपर्यंत गेला आणि दोनदा चुलते "जाऊ द्या त्याला" म्हणाले. शेवटी सुपारी फुटली.

आता बघा. विषय कुणी आणले? गड्यानं. किती आणले? चार, आणि एकही 'मला कसं वाटतं' छाप नाही. निर्णय कधी झाले? तिथल्या तिथं, साक्षीदारासमोर. बॅटरी आणि बूट पाडव्याच्या आत मानवतच्या बाजारातून आले. कुणालाही दहापैकी गुण द्यावे लागले नाहीत. जुन्या काळात याच उचलीपायी माणसं वर्षानुवर्षं एका वाड्याला जखडली जायची, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण आता साल लाखाच्या वर गेलंय, गडी मिळता मिळत नाही, आणि ओसरीऐवजी मालकच गड्याच्या दारात जाऊन बसतो. ग्रोव्हनं सांगितलं तसंच, समोरच्याच्या जागेवर! मालकाला एवढं बारीक ऐकू येऊ लागलं याचं कारण उघड आहे. गडी उठून जाऊ शकतो. आमच्या कार्यालयात उठून कुणी जात नाही, त्यामुळे ऐकायचीही घाई नसते.

कार्यालयातल्यांना अशी ओसरी एकाच ठिकाणी लाभली, ती म्हणजे रेल्वे. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं असा नियम आहे. तो सगळ्यांना पाठ आहे, आणि पाठ असलेली निम्मी माणसं संध्याकाळी नांदेडच्या गाडीत असतात. अप-डाऊन करणाऱ्यांत भाऊसाहेब असतात तसे साहेबही असतात. दालनात खुर्ची न देणारे साहेब डब्यात म्हणतात, "भाऊसाहेब, सरका जरा." दोघंही एकाच नियमाचे गुन्हेगार, त्यामुळे आवाज आपोआप एका पट्टीत येतो. तिथं घंटी नाही, मामा नाहीत, पुढाऱ्यांचे मेहुणे नाहीत.

आमच्या एका साहेबांना आणि लेखा शाखेतल्या भाऊसाहेबांना असंच शेजारी बसावं लागलं. पिंगळी गेलं, मिरखेल आलं, गाडी क्रॉसिंगला थांबली. भुईमुगाच्या शेंगा संपल्या, बोलायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा साहेबांनी विचारलं, "काय हो, तुमची बिलं एवढी उशिरा का येतात?"

"साहेब, प्रिंटर सहा महिने बंद आहे. बाहेरच्या दुकानातून काढून आणतो. पैसे खिशातले."

"अहो मग मला सांगायचं नाही का?"

"पाच वेळा टिपणी ठेवली साहेब. पाची वेळा आपण त्याच्यावर 'चर्चा' लिहिलं."

पूर्णा जंक्शन येईपर्यंत साहेब खिडकीबाहेर बघत होते. पूर्णेला त्यांनी भाऊसाहेबांना चहा पाजला आणि तिसऱ्या दिवशी प्रिंटर आला. पुढे परभणी ते मुदखेड मार्गाचं दुहेरीकरण झालं, गाड्यांचं खोळंबणं कमी झालं आणि मराठवाड्याची मोठी सोय झाली. आमच्या कार्यालयाचं मात्र त्यात नुकसानच झालं. मिरखेलला वीस-वीस मिनिटं मिळत होती.

दौऱ्यावरची जीपही काही वाईट नाही. दोघं एका दिशेला तोंड करून बसतात, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही आणि खड्डा आला की साहेबांच्या तोंडून पहिल्यांदा मनापासूनचे उद्गार निघतात. फक्त ड्रायव्हर सगळं ऐकतो आणि तो मामांच्या भाच्याच्या लग्नाला जाणारा असतो, एवढं ध्यानात ठेवावं.

पण सगळ्यांना गाडी आणि जीप कुठून आणायची? तेव्हा दालनातच काय जमेल ते बघू. जादा खुर्च्या तासाभरासाठी बाहेर काढाव्यात. त्या बाहेर गेल्या की त्यांच्यावरची माणसंही जातात, हे माझ्यासकट सांगतो. मोबाइल मामांकडे द्यावा. ते तो उचलून "साहेब मिटिंगमध्ये आहेत" असं जे सांगतील त्याला खुद्द साहेबांपेक्षा वजन असतं. सुरुवात "काय चाललंय?" अशी करू नये, त्याला "बरं चाललंय साहेब" याखेरीज उत्तर नाही. "तुमचं काय अडलंय?" असं विचारावं आणि मग गप्प बसावं. हे गप्प बसणं साहेबलोकांना अवघड जातं, त्यांनी वाटल्यास सुपारी कातरावी. माणूस खरं ते उठता उठता बोलतो, हे ग्रोव्हनंही लिहून ठेवलंय. आपल्याकडे तर तो दाराचा पडदा हातात धरून वळतो आणि म्हणतो, "अजून एक होतं साहेब." सगळी बैठक त्या एकासाठी असते. म्हणून साहेबांनी वेळ संपायच्या दहा मिनिटं आधीच खोटंखोटं उठून उभं राहावं. जे कबूल केलं ते दोन ओळीत त्या माणसाच्या डायरीत लिहून खाली सही करावी. पुढच्या वेळी तोंडपाठ 'चर्चा' नको, डायरीच उघडावी.

आणि या भेटीचा वार ठरलेला असावा, म्हणजे बोलावणं आलं की कुणाची सुपारी घशात अडकणार नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारनं आठवडा पाच दिवसांचा आणि वेळ पावणेदहा ते सव्वासहा केलाय, त्यात अर्धा-पाऊण तास कुठंही बसतो. सोमवार धरा, बुधवार धरा. शुक्रवारी चारनंतरची वेळ मात्र कुणी देऊ नये. त्या वेळी परभणीत भाऊसाहेब सापडत नाहीत, आणि साहेब तर गुरुवारीच गेलेले असतात.